घरापुरता मोह

आमच्या पाड्यावर मोहाची एकूण सतरा झाडं होती आणि प्रत्येक झाडाला धनी होता. सातबाऱ्यावर नोंद असो वा नसो, कुठल्या झाडाखालची फुलं कुणाच्या घरची, हे पोराटोरांनाही पाठ होतं. भाऊ वेगळे निघाले की भांडी वाटली जायची, बैल वाटले जायचे आणि मोह वाटले जायचे. आमच्या वाट्याला तीन आले होते. एक नाल्यावरचा, एक वाटेवरचा आणि एक थोरला. थोरल्याला दोन माणसांच्या कवेत न मावणारा बुंधा होता आणि तो आज्याच्या आज्यानेही असाच थोरला पाहिला होता म्हणे.

आमचा वाडा तालुका. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. शहरातल्या लोकांना वाडा कळतो तो कोलम तांदळामुळे. पण कोलम आमच्या घरात शिजायचा सणाला. बाकी वर्षभर नाचणी, वरी, आणि पावसाळ्यात कणग्या रित्या झाल्या की मोहाची फुलं. आम्ही मल्हार कोळी. शेजारी वारली, कातकरी, खालच्या अंगाला कुणबी. देव थोडे इकडचे थोडे तिकडचे, पण मोह सगळ्यांचा.

होळी झाली की मोह पानं टाकतो आणि फुलायला लागतो. फूल रात्री गळतं. पहाटे झाडाखाली पिवळट पांढरा सडा पडलेला असतो आणि त्याचा गोड, थोडा उग्र वास पाड्यापर्यंत येतो. उजाडायच्या आत वेचायला जायचं, कारण ऊन चढलं की फूल मऊ पडतं, आणि उशीर झाला तर गुरं आधी पोचतात. एका फुलात बोटाच्या पेराएवढा गर असतो. टोपली भरायला तास-दीड तास लागायचा. आणलेली फुलं सारवलेल्या खळ्यावर तीन-चार दिवस वाळवायची. वाळली की ती मनुक्यासारखी तांबूस-काळी होतात आणि नीट ठेवली तर वर्षभर टिकतात. चांगल्या सालात आमच्या तीन झाडांची मिळून दीड-दोन मण सुकी फुलं निघायची.

त्यातली बरीचशी फुलं पोटात जायची. उकडून, डाळीत घालून, तीळ लावून भाजून, नाहीतर नाचणीच्या पिठात कुटून त्याची भाकरी. सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर असते. श्रावणात घरात दाणा नसताना मूठभर फुलं उकडून खाऊन माणूस लावणीला उभा राहू शकायचा तो त्या साखरेच्या जोरावर. नंतर बियांचं तेल निघायचं; ते दिव्याला, स्वयंपाकाला आणि फुटलेल्या टाचांना. आणि उरलेल्या फुलांची दारू व्हायची. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. मोह म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी दारू आठवते. आमच्या घरात ती शेवटी यायची.

दारू काढायची ती आजी. पुरुषांचं काम लाकडं आणण्याचं आणि पाणी वाहण्याचं. आजीची रीत अशी होती. दोन पायल्या सुकी फुलं निवडून, दांड्या-कचरा काढून, मोठ्या मडक्यात पाण्यात भिजत घालायची. मडकं जुनंच हवं. नवं वापरायची वेळ आली तर आधीच्या मडक्याच्या तळाचा गाळ त्यात घालायचा, दह्याला विरजण लावावं तसा. पुढे शाळेत मला कळलं की त्या गाळात आणि फुलाच्या अंगावर यीस्ट असतं, ते साखर खातं आणि तिचा अल्कोहोल करतं. आजीला यीस्ट ठाऊक नव्हतं, पण मडकं कधीही साबणाने किंवा राखेने घासायचं नाही, हे ठाऊक होतं. चैत्रातल्या उन्हाळ्यात चार-पाच दिवस, थंडीत आठ दिवस. रोज संध्याकाळी ती मडक्याला कान लावायची. आत बुडबुड चालू असली की म्हणायची, "अजून बोलतंय." आवाज थांबला की, "निजलं. आता उद्या चढवू."

या आंबलेल्या पाण्याला सडवा म्हणतात. काही म्हातारे तो गाळून तसाच प्यायचे. आंबट, किंचित गोड, अंगात मंद चढणारा. तो जवळजवळ बीअरच्या जातीचाच म्हणायचा. बीअर करणाऱ्याला आधी बार्लीला मोड आणावे लागतात, तेव्हा कुठे पिठाची साखर होते. मोहाला ती यातायात नाही. त्याने साखर झाडावरच तयार करून ठेवलेली असते. म्हणूनच कदाचित जंगलातल्या माणसाला हे इतकं सोपं झालं.

मग चुलीवर सडव्याचं मडकं, त्यावर दुसरं मडकं उपडं, सांधा चिखलाने आणि चिंधीने पक्का बांधलेला. वरच्या मडक्यातून बांबूची नळी निघून दुसऱ्या भांड्यात, आणि ते भांडं गार पाण्यात बसवलेलं. पाण्याच्या आधी अल्कोहोल उकळतो, त्यामुळे सुरुवातीची वाफ तेज असते. 'पहिल्या धारेची' हा शब्द शहरातली माणसं आता विनोदाने वापरतात, तो इथला आहे. भांड्याभोवतालचं पाणी तापलं की बदलायचं. किती वेळा बदललं त्यावर आजी ठरवायची की आता पुरे. जास्त काढत बसलं तर पाणीच येतं, वास फक्त मोहाचा. पहिले थेंब ती जमिनीवर सोडायची, कणसरीच्या नावाने आणि वाघदेवाच्या नावाने. नंतर थोडी जाळावर शिंपडायची. निळी पेटली की जमली. दोन पायल्यांच्या फुलांतून पाच-सहा बाटल्या निघायच्या.

पाच-सहा बाटल्या. एवढ्यात काय होतं? एक बारसं होतं. एक दिवसकार्य होतं. सोयरीक पक्की करायला मुलाकडचे आले की पळसाच्या द्रोणातून दोन्हीकडच्यांनी एकेक घोट घ्यायचा. तो घेतला की शब्द पक्का. दोन घरांचं बांधावरून भांडण झालं आणि पंचांनी मिटवलं तर दोघांनी एकाच भांड्यातून प्यायची. लावणीची शेवटची काडी रोवली की शेतावर आलेल्या सगळ्यांना थोडी थोडी. आजा म्हणायचा, "दारू म्हंजे साक्षीदार, पोरा. कागुद नव्हता तवा ही व्हती."

मी हे गोड करून सांगत नाही. तेव्हाही पिऊन पडणारे होते. पण फुलं वर्षातून एकदाच यायची. जेवढी वेचली तेवढीच. त्यातून पोटाला काढून ठेवायची. उरली तेवढ्याचीच दारू, आणि ती काढणारी बाई, जिला घरात किती दाणा उरला आहे ते माहीत असायचं. कायदा नव्हता, पण माप होतं.

हे माप कसं मोडलं, ते मला घरात कुणी सांगू शकलं नाही. ते मला पुढे नोकरीसाठी ठाण्याला गेल्यावर वाचनालयात सापडलं, तुकड्यातुकड्यांनी.

'आबकारी' हा शब्द फारसी. आब म्हणजे पाणी, कारी म्हणजे काम. पाण्याचं काम, म्हणजे दारू गाळण्याचं काम, आणि मग त्यावरचा कर. इंग्रज येण्याआधीही तो कर होता. राज्य कुणाचंही असो, दारूचा हक्क मक्त्याने दिला जायचा. आपल्या भाषेत मक्त्याला गुत्ता म्हणत. मराठवाड्यात कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात. पण आपल्याकडे गुत्ता म्हणजे दारूचं दुकानच झालं. मक्ता आणि दारू ही दोन्ही माणसाच्या मनात इतकी एकजीव झाली, की शब्दाने अर्थ बदलला. एवढा एक शब्द नीट पाहिला तरी अर्धा इतिहास कळतो.

तरीही जुन्या मक्त्यात फटी होत्या. मक्तेदार आपला पैसा वसूल करायचा, पण डोंगरातल्या प्रत्येक चुलीपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. तो पोचवला १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. या कायद्याने परवान्याशिवाय दारू गाळणं, विकणं आणि ठरलेल्या प्रमाणाबाहेर बाळगणं गुन्हा ठरवलं. किनारपट्टीला भंडाऱ्यांच्या माड-ताडांवर छेवायचा परवाना आणि झाडामागे कर आला. गावोगावच्या लहान भट्ट्या बंद करून दारू मोठ्या मध्यवर्ती भट्ट्यांमध्ये गाळायची, तिथे तिची तेजी मोजायची, त्यावर कर घ्यायचा आणि मग ती परवानाधारक दुकानांत पाठवायची, अशी ती योजना. चार्ल्स प्रिचर्ड नावाचा अधिकारी या धोरणामागे होता. मुंबई, ठाणे, कुलाबा या भागांसाठीची दारू उरणला गाळली जाऊ लागली. उरणच्या भट्ट्या मोहाच्याच होत्या. पण त्यांना मोह जायचा तो पंचमहालासारख्या लांबच्या मुलखातून, रेल्वेने. म्हणजे आमच्या दारातला मोह वाळत पडायचा आणि दुसऱ्या कुणाच्या मोहाची दारू, कर भरून, दुकानातून आमच्याकडे विकत यायची.

सरकारचं बोधवाक्य होतं, कमीत कमी खप आणि जास्तीत जास्त महसूल. ऐकायला बरं वाटतं. पण दुकानदाराचा परवाना टिकायचा तो खपावर. त्यामुळे त्याने उधारी सुरू केली.

आज्याच्या लहानपणी खालच्या गावात पिठा होता. आजा त्याचं वर्णन करायचा. पुढे ओटा, ओट्यावर पिंपं, भिंतीवर खडूच्या रेघा. प्रत्येक घराच्या नावाने रेघांची रांग. पिणाऱ्याला वाचता येत नव्हतं, पण रेघा वाढलेल्या दिसायच्या. भाताच्या मळणीला पिठेवाल्याचा माणूस खळ्यावर हजर. "आमच्या खळ्यावरून भात उचलायचा पयला हक्क त्याचा, मग सावकाराचा, मग आमचा," आजा सांगायचा. "आन् दारू पाण्याची. मोव्हाचा वास नाय तिला."

तरी घराघरांत आंबवणं थांबलं नाही. थांबणार कसं? फुलं दारात पडत होती. तेव्हा सरकारने दारू सोडून फुलालाच हात घातला. १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहफुलांचा कायदा झाला. तो ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचे ठाणे, पालघर आणि रायगड, या दोन जिल्ह्यांसाठी होता. मोहाची फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर आणि आणण्या-नेण्यावर त्याने बंधनं घातली. या कायद्यावरून तेव्हा वाद झाला. वादाचा मुद्दा एकच होता: हे फूल गरिबाचं अन्न आहे, की दारूचा नुसता कच्चा माल? सरकारने दुसरी बाजू धरली. श्रावणात फुलं उकडून खाणाऱ्या माझ्या पणजीला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

मला या कायद्याचा सर्वांत जास्त राग येतो तो इथे. दारू गुन्हा ठरवणं एक वेळ समजू शकतं. पण झाडाखालून वेचलेलं, अजून न आंबलेलं फूल, जे पोराला भुकेच्या वेळी द्यायचं, ते घरात जास्त सापडलं तर संशय? एखाद्याच्या घरात ज्वारी जास्त आहे म्हणून त्याला बीअरवाला ठरवावं, तसं हे झालं.

याचा एक परिणाम इतिहासात फार ठळक लिहिलेला सापडत नाही, पण मला तो दिसतो. आमच्याकडच्या लग्नाला दोन गोष्टी लागतात, दाणा आणि दारू. दारू घरची असती तर खर्च दाण्याचा. दारू दुकानातून आणायची तर रोख पैसा हवा, आणि रोख पैसा फक्त सावकाराकडे. डहाणू, तलासरी, उंबरगाव या भागात लग्नासाठी कर्ज घेऊन नवराबायको दोघंही सावकाराच्या दारी राबायला बांधली जायची. त्यांना 'लग्नगडी' म्हणत. काहींचा सगळा जन्म त्यात गेला. १९४५ च्या मे महिन्यात झरी गावी वारल्यांची मोठी सभा झाली, वेठबिगार आणि लग्नगडी बंद करण्याचा निर्धार झाला, आणि त्यातून उठाव उभा राहिला. त्याची कहाणी गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली आहे. लग्नगडीची कारणं अनेक होती. जमीन गेली होती, हे मुख्य. पण जमीन जाण्याच्या वाटेवर पिठ्याची भिंत आणि तिच्यावरच्या रेघाही होत्या.

आणि एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. दारू सोडायची हे आदिवासींना काही बाहेरून कुणी आधी शिकवलं नाही. १९२२ च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्याकडून एक देवी निघाली अशी समजूत पसरली. ती डोंगरातून डांगकडे आणि सुरत जिल्ह्यात गेली. ती अंगात यायची आणि सांगायची, दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, पिठेवाल्याकडे कामाला जाऊ नका. हजारो लोकांनी ऐकलं. दुकानं ओस पडली. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. बहुतेक ठिकाणी ती फार काळ टिकली नाही. पण देवीने लोकांना दारूबरोबर दारूवालाही सोडायला सांगितला, हे मला महत्त्वाचं वाटतं. नंतर आलेल्या कुठल्याही कायद्याला ही दोन नावं एकत्र घेता आली नाहीत.

स्वातंत्र्य आलं आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. एप्रिल १९५० पासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी. पिठे बंद झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मोहफुलांवरची बंधनं या कायद्यातही राहिली. १९५१ साली बलसारा नावाच्या गृहस्थांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याचा काही भाग रद्द केला: अल्कोहोल असलेली औषधं आणि कोलन वॉटरसारखी प्रसाधनं बाळगण्यावरची बंदी टिकणार नाही, असं म्हटलं. शिवाय शहरात डॉक्टरच्या दाखल्यावर पिण्याचा परवाना मिळायचा. आमच्या पाड्यावर कोलन वॉटर कुणी पाहिलेलं नव्हतं आणि डॉक्टर वाड्याला बसायचा. आमच्याकडे होतं ते फूल, आणि फुलाच्या बाजूने कोर्टात उभं राहणारं कुणी नव्हतं.

माझ्या आठवणीतली धाड साठच्या दशकातली आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. आत्याच्या लग्नाला चार दिवस होते. खाकीतले चौघे आणि एक साधा माणूस, असे पहाटे आले. मडकी त्यांना लगेच सापडली, कारण लपवलेलीच नव्हती. ती घरामागच्या पडवीत होती, जिथे नेहमी असत. काठीने तीनही मडकी फोडली. सडवा अंगणभर पसरला आणि कोंबड्या त्यावर धावल्या. मग एकजण आत गेला आणि सुक्या फुलांची कणगी बाहेर ओढून आणली. ती पावसाळ्याची बेगमी होती. आजी तोवर गप्प होती. कणगी पाहिल्यावर ती म्हणाली, "ही खायाची हात, साहेब. दारूची नाय." साहेबाने विचारलं, खायच्या फुलावर तसं लिहिलंय का. सगळे हसले.

आजीला तालुक्याला नेलं. एक रात्र ती तिथे बसून होती. आज्याने एक बैल विकून दंड भरला. लग्न झालं, पण आत्याच्या सासरच्यांना जी दारू दिली ती खालच्या गावातून चोरून विकत आणलेली होती. म्हणजे दारूबंदीच्या राज्यात घरची दारू फुटली आणि विकतची आली. त्यानंतर आजीने मडकं चढवलं नाही. "हात भ्याला," एवढंच म्हणायची.

पाड्यावर अशी आठ-दहा घरं असतील. एकेकीचा हात भ्याला. बायका मागे हटल्या आणि ते काम जो भीत नाही त्याच्याकडे गेलं. भीत नाही तो, ज्याच्याकडे हप्त्याचे पैसे आहेत. नाल्याच्या वरच्या अंगाला, करवंदीच्या जाळीत पत्र्याची पिंपं आली. मोहाचं फूल ठेवायची भीती आणि ते वर्षातून एकदाच येतं; काळा गूळ बाजारात बारा महिने मिळतो. गूळ, पाणी आणि लवकर उठावं म्हणून नवसागर. तीन-चार दिवसांत माल तयार. मोसम संपला, कणगी संपली, माप संपलं. ती दारू आता कुणाच्या बारशाची नव्हती. ट्यूबमध्ये भरून ती भिवंडीकडे जायची आणि वाटेत आमच्याकडेही उतरायची.

माझा धाकटा काका तिच्यात गेला. तो वाईट माणूस नव्हता. भात लावायला त्याच्यासारखा हात नव्हता, तारपा वाजवायचा, आम्हा पोरांना खांद्यावर बसवून बाजारात न्यायचा. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळी तोंड धुवायच्या आधी. डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, पाय सुजले. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लिव्हर संपलंय. बेचाळिसाव्या वर्षी तो गेला. काकी मागे, आणि तीन पोरं. त्याच्या दिवसकार्याला, रीत म्हणून, कुणीतरी बाटली आणली. माझ्या आईने ती घेतली आणि अंगणात ओतली. आमच्या घरात रीत मोडणारी ती पहिली.

पुढच्या आठवड्यात पाड्यावरच्या बारा-तेरा बायका घेऊन ती नाल्यावर गेली आणि कुऱ्हाडीने पिंपं फोडली. धंदेवाल्याची माणसं आली, शिव्या झाल्या, एकीचा हात मुरगळला. दोन महिने भट्टी बंद होती. मग पलीकडच्या बाजूला सुरू झाली. आई पुन्हा गेली. असं किती वेळा झालं ते तिला विचारलं तर हसते.

मी आईला एकदा म्हटलं, की मूळ दोष कायद्याचा. आजीच्या मडक्यात कुणी मेलं नव्हतं. मी तिला १८७८ सांगितलं, १८९२ सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "असंल. पन तुजा काका मेला तो कायद्यानं नाय मेला. पिऊन मेला. आन् तुज्या आजीची दारू पिऊन त्याचा आजा बी बायकोला मारायचा, ते तुज्या पुस्तकात हाय का?" ते माझ्या पुस्तकात नव्हतं. आजीनेही ते कधी सांगितलं नव्हतं. म्हणून मी इथे लिहून ठेवतो. घरापुरत्या दारूलाही घरातल्या बाईने किंमत मोजलेली असते, आणि ती किंमत गॅझेटात येत नाही.

तरीही घरापुरतं आणि धंद्याचं यातला फरक पुसून टाकला की काय होतं, हेही देशाने पाहिलं आहे. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं मेली. त्यात मिथेनॉल होतं, कारखान्यातलं. फूल आंबवणाऱ्या कुठल्याही आजीच्या चुलीवर मिथेनॉलची पिंपं येत नाहीत. ती येतात जिथे दारू कोण करतं आणि कोण पितं, यांची एकमेकांशी ओळख नसते. आमच्याकडे काढणारी आधी स्वतः चाखायची.

अलीकडे वारं थोडं बदललं आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपजाची मालकी दिली, आणि गावात नशा आणणाऱ्या वस्तूंवर बंदी घालायचा किंवा नियंत्रण ठेवायचा अधिकारही दिला. दोन्ही एकाच कायद्यात. फूलही तुमचं आणि दारूवरचा लगामही तुमचा. २०२१ साली राज्य सरकारने मोहफुलं गोळा करण्यावरची, बाळगण्यावरची, वाहतुकीवरची बंधनं शिथिल केली. सव्वाशेहून जास्त वर्षांनी फूल पुन्हा फूल झालं. इकडे शहरात माझा भाचा फ्लॅटच्या बाल्कनीत काचेच्या बरणीत बीअर आंबवतो. थर्मामीटर लावतो, वहीत तारखा लिहितो, बुडबुडे मोजतो. त्याने मला आजीची रीत विचारली, तेव्हा मी सांगितली, आणि त्याबरोबर बैलाची गोष्टही सांगितली. ज्या कामासाठी त्याचे मित्र त्याला शाबासकी देतात, त्यासाठी त्याची पणजी एक रात्र तालुक्याला बसून होती, हे त्याला ठाऊक असावं असं मला वाटलं.

पाड्यावर आता बचत गटाच्या बायका फुलं वाळवतात. लाडू करतात, मनुक्यासारखी पाकिटं भरतात. सतरातली नऊ झाडं उरली आहेत. रस्ता रुंद करताना काही गेली, काही म्हातारी होऊन गेली, आणि नवं कुणी लावलं नाही, कारण ज्या फुलाने घरावर धाड आणली त्याचं झाड कोण लावणार? २०२१ च्या निर्णयाची बातमी मी आईला वाचून दाखवली, तेव्हा ती ऐंशीच्या पुढे होती. तिने चष्मा नीट केला आणि विचारलं, "बरं झालं. पन आता फुलं घेनार कोन? भाव कोन ठरवनार?"

मी म्हटलं, ग्रामसभेने ठरवावा. ती म्हणाली, "मग सभंला बायका किती असत्यात ते बघ आधी." त्या वर्षीच्या ग्रामसभेत मी मोजल्या. एकोणीस होत्या. पुढच्या वर्षी चौतीस. मोहाच्या भावाचा ठराव त्या दिवशी झाला, आणि नाल्यावरची भट्टी बंद ठेवण्याचा ठरावही. दोन्हींवर पहिला अंगठा आईचा आहे.